‘जोडणे’साठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा : जॉइन, अटॅच, कनेक्ट, लिंक, मर्ज आणि बाकीचे

‘काइंडली जॉइन युअर मार्कशीट विथ द फॉर्म.’ ‘आय जॉइन्ड हिम इन द ग्रुप.’ ‘अवर व्हिलेज इज अटॅच्ड विथ द हायवे.’

अशी वाक्ये अर्जांत, ईमेलमध्ये, वापर-पुस्तिकांच्या भाषांतरांत सतत दिसतात. काळ, वचन, वाक्यरचना बहुतेक ठीक असते. चुकते ते क्रियापद, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला भलतेच कळते. मराठीत ‘जोडणे’ हे एकच क्रियापद कागदालाही चालते, नळालाही आणि नात्यालाही. इंग्रजीत त्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो. शब्दकोशात ‘जोडणे’समोर सात-आठ शब्द ओळीने दिलेले असतात आणि आपण त्यातला पहिला किंवा ओळखीचा उचलतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेकांची गफलत अशी होते की ते शेवटच्या टप्प्यापासून, म्हणजे ‘टू’ लावू की ‘विथ’ इथून सुरुवात करतात. शब्दच चुकीचा असेल तर ‘टू’ बरोबर येऊन काही उपयोग नसतो.

## सुरुवातीची तयारी

इंग्रजी वाक्य लिहायला घेण्याआधी तीन गोष्टी मराठीत लिहून काढा.

१. काय जोडायचे आहे?
२. कशाला जोडायचे आहे?
३. जोडून झाल्यावर दोन्ही वस्तू कशा दिसतील? वेगळ्या ओळखू येतील की नाही? परत सुटतील की नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर एका ओळीत लिहिता आले की अर्धे काम झाले.

हाताशी मराठी-इंग्रजी कोश नको. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश ठेवा. असे कोश इंटरनेटवर फुकट मिळतात आणि त्यांत प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्ये असतात. समानार्थी शब्दांची यादी मात्र अजून उघडू नका. ती यादी कोणते शब्द जवळचे आहेत एवढेच सांगते, त्यांतला फरक सांगत नाही.

## टप्पा १ : वाक्यातून ‘जोडणे’ काढून नेमके मराठी क्रियापद घाला

मराठीत नेमके शब्द भरपूर आहेत, आपण ते वापरायचे विसरतो. फोटो चिकटवतात, कागद टाचतात, फळी ठोकतात, बटण लावतात, उसवलेली बाही शिवतात, गळके भांडे झाळतात, दोराला गाठ मारतात, वही बांधतात, बँक विलीन करतात, महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते. मराठी क्रियापद नेमके झाले की इंग्रजी शब्द बहुधा आपोआप समोर येतो.

काही वाक्ये तर इथेच यादीतून बाहेर पडतात, कारण त्यांतल्या ‘जोडणे’चा वस्तू जोडण्याशी संबंधच नसतो.

हात जोडणे. ‘मी हात जोडून विनंती करतो’ याचे ‘आय जॉइन हँड्स’ करू नका. ‘जॉइन हँड्स विथ’ म्हणजे कोणाशी तरी हातमिळवणी करून एकत्र काम करणे. दोन संस्था ‘जॉइन हँड्स’ करतात. नमस्कारासाठी भारतीय इंग्रजीत ‘विथ फोल्डेड हँड्स’ रूढ आहे. परदेशी वाचकासाठी लिहीत असाल तर दोन्ही तळवे एकत्र आणले असे सरळ लिहा.

ग्रुपमध्ये जोडणे. इथे क्रियापद ‘अॅड’ आहे. ‘आय अॅडेड हिम टू द ग्रुप’ म्हणजे मी त्याला ग्रुपमध्ये घेतले. ‘आय जॉइन्ड हिम’चा अर्थ होतो मी स्वतः त्याच्याकडे गेलो, त्याच्या सोबतीला बसलो. ‘जॉइन’ करणारा माणूस नेहमी स्वतः आत शिरतो. दुसऱ्या माणसाला आपण ‘जॉइन’ करू शकत नाही. ही चूक इतकी पसरली आहे की बोलताना ती कोणाला खटकतही नाही. लेखी इंग्रजीत मात्र कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते.

हाड जोडणे. डॉक्टर हाड ‘सेट’ करतात, म्हणजे तुकडे योग्य जागी बसवतात. त्यानंतर हाड आपले आपण ‘हील’ किंवा ‘युनाइट’ होते. तपासणीच्या कागदावर ‘नॉन-युनियन’ असेल तर हाड जुळलेले नाही, आणि ‘मॅलयुनियन’ असेल तर ते वाकडे जुळले आहे. या दोन शब्दांतला फरक रुग्णाच्या घरच्यांना समजलाच पाहिजे, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात.

माणसे जोडणे, नाती जोडणे. यासाठी इंग्रजीत एक शब्द नाही. मैत्री केली, संबंध वाढवले, लोकांना आपलेसे केले, यांतले जे म्हणायचे असेल ते उलगडून लिहा.

> तपासा : वाक्यातून ‘जोडणे’ काढल्यावर जे क्रियापद आले ते हाताने करण्याच्या एखाद्या कृतीचे आहे का? असल्यास टप्पा २ आणि ३ सोडून थेट टप्पा ४ वर जा.

## टप्पा २ : दोन्ही बाजू बरोबरीच्या आहेत की एक मुख्य आणि एक दुय्यम?

यासाठी अदलाबदलीची कसोटी लावा. ‘अ ला ब जोडला’ हे वाक्य उलटे करून ‘ब ला अ जोडला’ असे म्हणून पाहा.

उलटे वाक्य हास्यास्पद वाटले तर शब्द अटॅच. दाराला कडी लावतात, कडीला दार लावत नाहीत. गाडीला डबा जोडतात, म्हणूनच रेल्वेच्या सूचनांमध्ये जादा डबे ‘अटॅच’ केले जातात. लहान वस्तू मोठीला, नंतर आलेली आधीपासूनच्या वस्तूला ‘अटॅच’ होते. ‘अटॅच्ड बाथरूम’मध्ये हाच हिशेब आहे. खोली मुख्य, न्हाणीघर तिला लागून.

उलटे करूनही अर्थ तसाच राहिला तर जॉइन, कनेक्ट किंवा लिंक. या तिघांतला फरक असा.

जॉइन मध्ये दोन टोके एकमेकांना भिडतात, मध्ये अंतर उरत नाही. दोन पाइप, दोन टेबले, दोन फळ्या ‘जॉइन’ होतात.

कनेक्ट मध्ये मधून काहीतरी वाहते किंवा जाते-येते. वीज, पाणी, आवाज, माहिती, प्रवासी. घराला पाण्याचे ‘कनेक्शन’ मिळते, ‘जॉइंट’ मिळत नाही. आणि पाण्याचा ‘जॉइंट’ गळतो, ‘कनेक्शन’ सहसा कापले जाते. वस्तू एकमेकींपासून कितीही लांब असोत, मार्ग चालू असला की त्या ‘कनेक्टेड’.

लिंक मध्ये दोन स्वतंत्र गोष्टींमध्ये दुवा तयार होतो. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण राहतात. पॅन आणि आधार ‘लिंक’ करतात, कारण दोन वेगळ्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत एवढेच सांगायचे असते. पॅनची नोंद आधारच्या नोंदीत विरघळत नाही. ‘अटॅच आधार विथ पॅन’ असे लिहिले तर वाचणारा आधार कार्डाची झेरॉक्स जोडायला निघेल.

भौगोलिक गोष्टींत ‘कनेक्ट’ आणि ‘लिंक’ एकमेकांच्या जागी बऱ्याचदा चालतात. वांद्रे आणि वरळी यांना २००९ मध्ये सुरू झालेल्या सागरी सेतूने ‘लिंक’ केले, २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूने शिवडी आणि न्हावा शेवा यांना. त्यांना ‘कनेक्ट’ केले म्हणालात तरी चूक नाही. पण वांद्रे वरळीला ‘अटॅच’ झाले असे होत नाही. आपले गाव महामार्गाला जोडलेले आहे हे सांगताना हाच नियम लावा : ‘कनेक्टेड टू द हायवे’.

ब्लूटूथ वापरणाऱ्यांसाठी एक छोटी पण कामाची गोष्ट. ‘पेअर’ आणि ‘कनेक्ट’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘पेअर’ म्हणजे दोन उपकरणांची एकदाच करून द्यायची ओळख. ‘कनेक्ट’ दर वापराच्या वेळी होते. दुरुस्तीवाल्याला ‘पेअर होत नाही’ सांगायचे की ‘कनेक्ट होत नाही’, यावर तो काय तपासणार ते ठरते.

### नद्यांचे उदाहरण नीट पाहा

कराडला कोयना कृष्णेला मिळते. इंग्रजीत ‘द कोयना जॉइन्स द कृष्णा अॅट कराड’. पुढे वाहणाऱ्या नदीचे नाव कृष्णाच राहते, म्हणून कोयना कर्ता आणि कृष्णा कर्म. हे वाक्य उलटे केले तर भूगोल बदलतो. पुण्यात मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि पुढच्या प्रवाहाला मुळा-मुठा म्हणतात. तिथे एकीला कर्ता करून चालणार नाही. ‘द मुळा अँड द मुठा मीट इन पुणे’ किंवा ‘जॉइन टू फॉर्म द मुळा-मुठा’ असे लिहावे लागते.

म्हणजे ‘जॉइन’ला दोन चाली आहेत. दोन वस्तू ‘जॉइन’ केल्या तर बरोबरी. आणि एक दुसऱ्याला ‘जॉइन’ झाला तर नंतर येणारा कर्ता, आधीपासून असणारा कर्म. नोकरी, पक्ष, रांग, सहल, सगळीकडे ही दुसरी चाल लागू होते.

> सावध : ‘इज अटॅच्ड टू’चा माणसांबाबतचा अर्थ जिव्हाळा असाही आहे. ‘शी इज अटॅच्ड टू हर ग्रँडमदर’ म्हणजे तिला आजीचा लळा आहे. आणि कर्मचारी एखाद्या कार्यालयाला ‘अटॅच्ड’ असेल तर तो मूळचा दुसरीकडचा असून तात्पुरता इथे पाठवलेला आहे, असे वाचले जाते. कायमच्या नेमणुकीसाठी हा शब्द वापरू नका.

## टप्पा ३ : जोडल्यावर ओळख टिकते की पुसली जाते?

इथे तयारीतला तिसरा प्रश्न उपयोगी पडतो. शब्द एका रांगेत लावून पाहा, सैलपासून घट्टपर्यंत : लिंक, कनेक्ट, जॉइन, युनाइट, कम्बाइन, मर्ज, फ्यूज. जसजसे पुढे जाल तसतशी मूळ वस्तूंची स्वतंत्र ओळख कमी होत जाते. रांग काटेकोर नाही, पण निवडायला पुरेशी आहे.

मुंबईच्या जडणघडणीत हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. माहीम कॉजवे १८४५ मध्ये सुरू झाला. त्याने माहीम आणि वांद्रे यांना ‘कनेक्ट’ केले. मध्ये खाडी होती, रस्ता झाला, दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या. मुंबईची सात बेटे मात्र मधल्या खाड्या बुजवून ‘जॉइन’ झाली आणि पुढे एका भूभागात ‘मर्ज’ झाली. आज परळ आणि माझगाव यांच्यामध्ये बेटाची कड शोधायला गेलात तर सापडणार नाही. याच कारणाने बेटांसाठी नुसते ‘कनेक्टेड’ लिहिले की अर्थ अपुरा राहतो. वाचकाला वाटते की फक्त पूल बांधले गेले.

मर्ज म्हणजे मधली सीमा नाहीशी होणे. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. खाती, शाखा, कर्मचारी राहिले, पण त्या दोन नावांच्या वेगळ्या बँका उरल्या नाहीत. इथे ‘मर्ज्ड विथ’ किंवा ‘मर्ज्ड इंटू’. कायदेशीर कागदात ‘अमाल्गमेशन’ दिसेल, रोजच्या लेखनात त्याची गरज नाही. ‘देना बँक जॉइन्ड बँक ऑफ बडोदा’ असे लिहिल्यास ती बँक कुठल्याशा संघटनेची सभासद झाल्यासारखे वाटते.

युनाइट मध्ये एकत्र येण्यामागे समान हेतू असतो, आणि एकत्र आलेले घटक ओळखू येतात. विदर्भ, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र या प्रदेशांचे मिळून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ‘युनायटेड’ म्हटले की त्या प्रदेशांची स्वतःची ओळख शाबूत राहते. ‘मर्ज्ड’ म्हटले तर ती पुसली गेली असा अर्थ निघतो, ‘कम्बाइन्ड’ म्हटले तर भावनाच जाते आणि उरते बेरीज. संयुक्त महाराष्ट्राविषयी लिहिताना ही निवड हलक्या हाताने करू नये.

कम्बाइन म्हणजे काही परिणाम साधण्यासाठी गोष्टी एकत्र आणणे. दोन योजना, दोन बजेट, दोन रंग ‘कम्बाइन’ करतात. रसायनशास्त्रात याचा अर्थ अधिक घट्ट आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन ‘कम्बाइन’ होऊन पाणी तयार होते, तर मीठ आणि वाळू नुसती ‘मिक्स’ होतात, वेगळी काढता येतात. नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजीतून विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे दोन शब्द अदलाबदल करून कधीच वापरू नयेत, कारण संयुग आणि मिश्रण यांतला सगळा फरक याच दोन क्रियापदांवर उभा आहे.

फ्यूज म्हणजे वितळून किंवा वितळल्यासारखे एक होणे. हा शब्द क्वचितच लागतो.

> सावध : एखादा प्रदेश दुसऱ्या राज्याला जोडला हे सांगताना ‘अनेक्स’ हा शब्द सहज सुचतो. त्यात बळाचा अर्थ आहे. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा संस्थान खालसा केले, ते ‘अनेक्स’. नगरपालिकेची हद्द वाढून शेजारची गावे आत आली असतील तर ‘इन्क्लूडेड इन’ लिहा किंवा ‘मर्ज्ड विथ’ लिहा. गोव्याच्या बाबतीत तर हा शब्द म्हणजे थेट राजकीय भूमिका होते. १९ डिसेंबर १९६१ च्या घटनेला भारतात ‘लिबरेशन’ म्हणतात.

### संगणकावर काम करणाऱ्यांसाठी

इथे हे शब्द म्हणजे बटणे आणि आज्ञा आहेत. चुकीचा निवडला तर माहिती जाते.

एक्सेलमध्ये ‘मर्ज’ केलेल्या सेलमध्ये फक्त डावीकडच्या सर्वांत वरच्या सेलमधला मजकूर उरतो, बाकीचा पुसला जातो. दोन सेलमधले नाव आणि आडनाव एकत्र करायचे असेल तर ‘कॉन्कॅटिनेट’ हे सूत्र वापरा. माहितीकोशात (डेटाबेसमध्ये) ‘जॉइन’ म्हणजे दोन तक्त्यांतल्या जुळणाऱ्या नोंदी शेजारी-शेजारी आणणे, म्हणजे रकाने वाढतात. ‘युनियन’ म्हणजे एका तक्त्याच्या ओळींखाली दुसऱ्याच्या ओळी घालणे. त्यातही नुसते ‘युनियन’ केले तर हुबेहूब सारख्या ओळी एकदाच राहतात. सगळ्या हव्या असतील तर ‘युनियन ऑल’. ‘अपेंड’ म्हणजे आहे त्याच्या शेवटी भर घालणे.

## टप्पा ४ : साधन माहीत असेल तर साधनाचेच क्रियापद वापरा

इंग्रजीत जोडण्याचे साधन बहुधा स्वतःच क्रियापद होते. ‘जॉइन बाय ग्लू’ लिहिण्यापेक्षा ‘ग्लू’, ‘जॉइन विथ स्क्रू’ऐवजी ‘स्क्रू’. नेल, बोल्ट, रिव्हेट, स्टेपल, पिन, क्लिप, टेप, सगळे असेच चालतात. वापर-पुस्तिका लिहिताना हा नियम फार कामाचा आहे, कारण वाचणाऱ्याला कोणते अवजार हातात घ्यायचे ते त्याच शब्दात कळते.

फासन हा शब्द परत सुटेल अशा बंदोबस्तासाठी आहे. विमानातला पट्टा, बॅगेचे बंद, शर्टाचे बटण. लिहिताना यात ‘टी’ असतो, उच्चारात नसतो. डिंकाने चिकटवलेली वस्तू ‘फासन’ होत नाही.

टाय मध्ये गाठ असते. बाइंड मध्ये गुंडाळून किंवा शिवून घट्ट बांधणे असते. प्रकल्पाची वही ‘बाइंड’ करतात, जखम ‘बाइंड’ करतात, गवताची पेंढी ‘बाइंड’ करतात. करारात ‘बाइंडिंग’ आले की त्याचा अर्थ बंधनकारक. ‘द पेपर्स आर बाइंडिंग’ लिहून कागदांची वही बांधली आहे असे सांगू पाहाल तर कागद बंधनकारक आहेत असा अर्थ होईल. तिथे ‘आर बाउंड’ हवे.

स्टिक, पेस्ट, ग्लू. ‘स्टिक’ सर्वसाधारण. ‘पेस्ट’ खळीसारख्या चिकट पदार्थाने, बहुधा कागद. ‘ग्लू’ पक्का गोंद. शाळेच्या वहीत चित्र ‘स्टिक’ किंवा ‘पेस्ट’ करतात, तुटलेली खुर्ची ‘ग्लू’ करतात.

वेल्ड, ब्रेझ, सोल्डर. या तिघांना मराठीत सरसकट ‘वेल्डिंग’ म्हणायची सवय लागली आहे. ती धोक्याची आहे. नेहमीच्या ‘वेल्डिंग’मध्ये जोडायचे धातू स्वतः वितळतात आणि एकजीव होतात. ‘सोल्डर’ आणि ‘ब्रेझ’मध्ये मूळ धातू वितळत नाही, मध्ये भरलेला वेगळा धातू वितळून दोघांना धरून ठेवतो. तो भरणधातू ४५० अंश सेल्सिअसच्या खाली वितळत असेल तर ‘सोल्डर’, वर असेल तर ‘ब्रेझ’. मोबाईलच्या सर्किटवर ‘सोल्डर’ होते. फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या ‘ब्रेझ’ करतात. घराचे लोखंडी गेट ‘वेल्ड’ करतात. कोटेशनमध्ये किंवा कामाच्या मागणीपत्रात चुकीचा शब्द गेला तर वेगळ्याच कामाचा भाव येतो.

फिक्स बद्दल दोन शब्द. मराठीत ‘फिक्स करणे’ म्हणजे पक्के बसवणे किंवा ठरवणे. इंग्रजीत ‘फिक्स द शेल्फ टू द वॉल’ म्हणजे फळी भिंतीला बसवणे. पण नुसते ‘फिक्स द शेल्फ’ म्हटले तर मोडलेली फळी दुरुस्त करणे. पुढचे ‘टू द वॉल’ गाळू नका.

> तपासा : तुम्ही निवडलेले क्रियापद वाचून अनोळखी माणूस योग्य अवजार किंवा साहित्य उचलेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर शब्द अजून सैल आहे.

## टप्पा ५ : अर्ज, पत्र आणि ईमेल

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यांची किंमतही इथेच मोजावी लागते. आपल्याकडे मराठी कार्यालयीन शब्दांत हा फरक आधीच केलेला आहे : सहपत्र, जोडपत्र, परिशिष्ट. त्यांचे इंग्रजी जोडीदार अनुक्रमे एन्क्लोजर, अनेक्शर, अपेंडिक्स.

१. एन्क्लोज. पाकिटात पत्राबरोबर वेगळा ठेवलेला कागद. तो पत्राला टाचलेला असेलच असे नाही. कागदी पत्रात ‘एन्क्लोज्ड’ शोभते. ईमेलला पाकीट नसते, तिथे हा शब्द टाळा.

२. अटॅच. कागदाला टाचलेला कागद किंवा ईमेलसोबतची फाइल. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ’ हे जुनाट झाले आहे आणि ‘हियरविथ’ तर पूर्ण अनावश्यक. ‘आय हॅव अटॅच्ड माय मार्कशीट’ एवढे पुरते. ईमेलमध्ये फाइलऐवजी पत्ता दिला असेल तर ‘अटॅच्ड’ लिहू नका, ‘हियर इज द लिंक’ लिहा. समोरचा माणूस फाइल शोधत बसतो आणि तुम्ही पाठवलीच नाही असे समजतो.

३. अपेंड आणि अनेक्स. ‘अपेंड’ म्हणजे दस्तऐवजाच्या शेवटी भर घालणे, ती त्या दस्तऐवजाचाच भाग होते. ‘अनेक्स’ केलेला कागद स्वतंत्र असतो, पण मुख्य कागदाच्या आधाराने वाचायचा असतो. म्हणून मुख्य मजकुरात ‘सी अनेक्शर ए’ असा निर्देश हवाच.

४. अफिक्स. ठरवून दिलेल्या जागेवर चिकटवणे, लावणे, उमटवणे. छापील अर्जावर चौकटीत ‘अफिक्स फोटोग्राफ’ लिहिलेले असते, तिथे फोटो गोंदाने चिकटवा. ‘अटॅच फोटोग्राफ’ असेल तर क्लिप किंवा स्टेपल चालते. ५,००० रुपयांहून जास्त रकमेच्या पावतीवर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प ‘अफिक्स’ करतात. शिक्का आणि सहीसाठीही हाच शब्द.

५. अटेस्ट. हा जोडण्याचा शब्दच नाही, पण ऐकायला ‘अटॅच’जवळ असल्याने दोघांची गल्लत होते. ‘अटेस्टेड कॉपी’ म्हणजे खरी असल्याची सही केलेली प्रत. ‘सेल्फ-अटेस्टेड’ म्हणजे ती सही तुम्ही स्वतः करायची. ‘अटॅच सेल्फ-अटेस्टेड कॉपीज’ या सूचनेत दोन कामे आहेत : आधी प्रत्येक प्रतीवर सही, मग प्रती जोडणे. क्रम चुकून न सही केलेल्या प्रती जोडल्या की अर्ज परत येतो. प्रत्येक पानावर सही आहे का ते टाचण्याआधी पाहा, टाचल्यावर मधली पाने नजरेतून सुटतात.

महाविद्यालयाच्या कागदांत ‘संलग्न’ दिसले की ‘अटॅच्ड’ लिहू नका. महाविद्यालय विद्यापीठाला ‘अफिलिएटेड टू’ असते.

> सावध : कायद्याच्या कागदात ‘अटॅच’चा अर्थ जप्त करणे असा होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ६० कोणती मालमत्ता जप्त होऊ शकते ते सांगते, आणि तिथला शब्द ‘अटॅचमेंट’. न्यायालयाच्या नोटिशीत ‘अटॅचमेंट’ दिसले तर सोबत एखादा कागद जोडला आहे असे समजून बाजूला ठेवू नका. त्याच दिवशी वकिलाला दाखवा. घर किंवा जमीन यांच्याविषयी स्वतः इंग्रजीत लिहितानाही ‘प्रॉपर्टी इज अटॅच्ड टू द रोड’ टाळा, ‘अॅडजॉइन्स द रोड’ लिहा.

## टप्पा ६ : आता ‘टू’, ‘विथ’ की काहीच नाही

इथे पाठांतराला पर्याय नाही, पण यादी छोटी आहे.

‘अटॅच’, ‘अफिक्स’, ‘अपेंड’ आणि ‘फासन’ यांना टू. ‘अटॅच्ड विथ’ कायम चूक, मग ते कागदाबद्दल असो की आजीच्या लळ्याबद्दल.

‘कम्बाइन’ला विथ. ‘मर्ज’ला बरोबरीचे असतील तर विथ, लहान मोठ्यात जिरत असेल तर इंटू.

‘कनेक्ट’ला तार, नळ, रस्ता यांसाठी टू, माणसांशी संवाद जुळण्यासाठी विथ. ‘लिंक’ला दोन्ही चालतात.

‘जॉइन’ला माणूस, नोकरी, संस्था यांच्यापुढे काहीच नाही. ‘आय जॉइन्ड द कंपनी’. ‘जॉइन्ड टू द कंपनी’ आणि ‘जॉइन्ड इन द कंपनी’, दोन्ही चूक. ‘जॉइन इन’ हे वेगळे क्रियापद आहे, त्याचा अर्थ चालू असलेल्या गाण्यात, खेळात, गप्पांत भाग घेणे. वस्तू असतील तर मात्र ‘जॉइन धिस पाइप टू दॅट वन’ बरोबर आहे.

मराठीतल्या ‘ला’ आणि ‘शी’ या प्रत्ययांवरून ‘टू’ आणि ‘विथ’ ठरवायला जाऊ नका. ‘विद्यापीठाशी संलग्न’ला इंग्रजीत ‘टू’ लागते आणि ‘कंपनीला जॉइन झालो’ला काहीच लागत नाही.

## टप्पा ७ : नामे वेगळी तपासा

क्रियापद बरोबर आले म्हणून त्याचे नाम बरोबर येईलच असे नाही. ‘जॉइन’पासून ‘जॉइंट’ आणि ‘जंक्शन’ या दोन्ही कल्पना निघतात. नळाचा, लाकडाचा, गुडघ्याचा तो ‘जॉइंट’. मनमाडसारखे, जिथे रेल्वेमार्गांना फाटे फुटतात, ते ‘जंक्शन’. ‘जंक्चर’ म्हणजे बहुधा वेळेचा मोक्याचा टप्पा, जागेसाठी तो क्वचितच येतो. ‘युनियन’ म्हणजे कामगार संघटनाही. ‘बाँड’ म्हणजे जिव्हाळा, रासायनिक बंध आणि कर्जरोखाही.

‘जॉइनिंग’ हा शब्द आपल्या कार्यालयांत रुजला आहे : जॉइनिंग लेटर, जॉइनिंग रिपोर्ट, जॉइनिंग डेट. भारतात तो बिनदिक्कत वापरा. परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार असेल तर ‘स्टार्ट डेट’ लिहा.

मजकूर पूर्ण झाल्यावर संगणकाच्या शोधखिडकीत आधी ‘जॉइन’ टाका, मग ‘अटॅच’. गरजेपेक्षा जास्त वेळा येणारे हे दोनच शब्द असतात. सापडलेल्या प्रत्येक जागी टप्पा २ ची अदलाबदलीची कसोटी लावा. त्यानंतर ‘अटॅच्ड विथ’ हे दोन शब्द जोडीने शोधा, आणि जिथे सापडतील तिथे ‘विथ’ खोडून ‘टू’ करण्याआधी तिथे ‘अटॅच’च हवे आहे ना, ते पाहा.